शाळेच्या फाटकाबाहेर काय विकायचं?

मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाबाहेर काय खपतं, ते एकदा उभं राहून बघा. तळलेल्या कुरकुरीची पाकिटं, रंगीत सरबतं, वडापाव. जळगाव घ्या नाहीतर धुळं, चित्र सारखंच. आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झालं. मोठ्यांमध्ये तर जवळपास दर चार बायकांमागे एकीचं वजन जास्त आहे.

नियम आहे. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जादा चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण गाडी हटवली तरी पोरांना भूक लागणारच. मग त्या जागी दुसरं काय ठेवणार?

इथेच तुमचं काम सुरू होतं. सामाजिक उद्योग म्हणजे दानधर्म नाही. त्यात नफा कमवायचाच, पण समाजाचा एखादा प्रश्न सोडवून. आणि माल तर आपल्या दारात आहे. रावेर-यावलची केळी, मेहरूणची बोरं, दादर ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, कळण्याच्या भाकरीत गुंडाळलेलं भरीत. करणारे हात बचत गटांत आहेत. हिशेब, पॅकिंग आणि मोबाइलवरची ऑर्डर तुम्ही सांभाळा.

१९५९ मध्ये मुंबईत सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत तर बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद ठेवली गेली.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. केळीचे तळलेले वेफर्स 'खान्देशी' म्हणून पौष्टिक होत नाहीत. आणि 'जाड होशील' अशी भीती दाखवून पावडरी विकणं हा समाजाचा उद्योग नव्हे. जाड पोराला चिडवणारे आधीच पुष्कळ आहेत.

तुमचा पदार्थ दहा रुपयांच्या पाकिटापेक्षा महाग नको, आणि चवीत मागे नको. पोरं दुसऱ्या दिवशी परत आली, तरच जमलं म्हणायचं. येत्या सोमवारी एका शाळेपासून सुरुवात करून तर बघा!