तोफांचे कौतुक पुरे!

नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर चढलेला मराठी माणूस तोफेवर हात फिरवतो, ‘अबब!’ म्हणतो आणि खाली उतरतो. ती कितीदा चुकली, त्यावरून ओतणारा काय शिकला, हे तो पुसत नाही. आमचे बखरकार तरी कोठे पुसत होते?

याच जिल्ह्यातील परांड्याच्या किल्ल्यावर एके काळी असलेली मलिक-ए-मैदान घ्या. मुहम्मद बिन हसन रूमीने ती १५४९ साली अहमदनगरास ओतली. १६३२ साली ती विजापुरास गेली. वजन सुमारे ५५ टन. हे आम्हांला तोंडपाठ! १५६५ च्या तालिकोटच्या रणात रूमीखानाने तोफांत तांब्याचे पैसे ठासले, असे सांगतात. प्रयोग तो हाच. पण दारू किती, पल्ला किती, मारा कुठवर पसरला? तेथे आम्ही मुके. उलट, १७४२ साली इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्सने लंबकावर गोळी झाडून मोजलेला वेग छापून टाकला. शस्त्र सुधारते ते अशा टिपणाने. भारदस्त नावाने नव्हे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज नळदुर्गास पोचली, तेव्हा या तोफा केवळ शोभेच्या उरल्या होत्या. जयजयकार करणारे पुष्कळ झाले. आता वही आणि मोजपट्टी घेऊन कोणी बुरूज चढेल काय?