शब्दांची शेपटे

इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करण्याची जी शिक्षा आपल्या मुलांना असते, ती निम्मी तरी माफ करता येईल असे माझे मत आहे. शब्दाचे शेपूट धरायला शिकवावे. गाण्यात आम्ही दुसरे काय करतो? गौडमल्हार म्हणा, मेघमल्हार म्हणा, शेवटी 'मल्हार' आले की पुढे म-रे, रे-प येणार हे शिष्याने ओळखावे. निराळेपण काय ते पुढचे पद सांगते.

'फोन' हे असेच एक शेपूट. मूळ ग्रीक, अर्थ आवाज. टेलिफोन म्हणजे दूरचा आवाज. आपला 'दूरध्वनी' तंतोतंत उतरला आहे. झायलोफोन म्हणजे लाकडाचा आवाज, आपल्या काष्ठतरंगाचा भाऊच. सॅक्सोफोनात मात्र पदार्थ नसून माणूस आहे. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली त्याचे पेटंट घेतले आणि स्वतःचे आडनाव आवाजाला जोडून दिले. हसू नये, मियाँमल्हारातले मियाँ तरी तानसेनच ना? एडिसनने १८७७ साली केलेला 'फोनोग्राफ' म्हणजे आवाज लिहिणारा. एमिल बर्लिनरने १८८७ साली पेटंट घेतले तेव्हा तेच दोन तुकडे उलटे लावून 'ग्रामोफोन' केला.

खरी गंमत मायक्रोफोनाची. यंत्र लहान म्हणून मायक्रो, असे माझे बहुतेक विद्यार्थी सांगतात. तसे नाही. विजेचा मायक्रोफोन येण्याच्या कितीतरी आधी, १८२७ साली, व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने अगदी बारीक आवाज ऐकू यावेत म्हणून केलेल्या साधनाला हे नाव दिले. लहान आहे तो आवाज, यंत्र नव्हे. मग ज्याच्या नावातच बारीक आवाज आहे, त्याच्यापुढे आमची तरुण मंडळी गळ्याच्या शिरा ताणून का ओरडतात? मंद्रातला षड्ज हलकेच लावला तरी ते यंत्र तो शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन पोचवते. नावाचा अर्थ कळला असता तर कित्येक गळे वाचले असते.

आपण मराठीत त्याला 'ध्वनिक्षेपक' म्हणतो, आणि कर्ण्यालाही तेच म्हणतो! मायक्रोफोन काही फेकत नाही, तो घेतो. 'ध्वनिग्राहक' म्हणायला काय हरकत आहे? ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' आठ भाषांत करवून घेतला, तेथे तरी एवढी काटेकोर दृष्टी असावी.

अर्थात मंडपवाल्याला 'माइक' म्हटलेलेच कळते. टेलिफोनने डोके टाकून शेपूट ठेवले, म्हणून खिशातल्या 'फोन'मध्ये निदान आवाज तरी उरला. मायक्रोफोनाचे शेपूटच गेले; 'माइक'मध्ये राहिले आहे ते नुसते 'लहान'.