टंचाई चिपची, चंगळ साठेबाजांची

१२ जानेवारी २०२१ रोजी सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन ५’ या व्हिडिओ गेमच्या यंत्राची आगाऊ नोंदणी भारतात सुरू झाली आणि काही मिनिटांतच आटोपली. ४९,९९० रुपये मोजण्यास तयार असलेला ग्राहक रिकाम्या हाताने राहिला. काळ्या बाजारात मात्र तेच यंत्र चढ्या भावाने मिळत होते. दुकानात साठा नव्हता, तर हा माल आला कोठून?

कंपनीने बोट दाखविले ते चिपच्या जागतिक टंचाईकडे. ती खरीच होती. मोटारींचे कारखानेही तिच्यापायी अडले. पण टंचाईने यंत्रे कमी होतात, ती साठेबाजांच्या घरी जात नाहीत! क्षणार्धात मागणी नोंदविणाऱ्या ‘बॉट’ना संकेतस्थळांची दारे सताड उघडी होती. जपानमधील काही दुकानदारांनी खोक्यावर खरेदीदाराचे नाव लिहिण्याचा साधा उपाय योजला. अमेरिकेत तर खुद्द कंपनीने नोंदणीकृत खेळाडूंना निमंत्रणे धाडून थेट विक्री केली. मग भारतीय ग्राहकासाठी पहिल्याच दिवशी तसे का सुचू नये? आपल्याकडे रेशनच्या रांगेतही कार्ड पाहिले जाते.

उलट, टंचाई पुरती सरली नसतानाच ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने युरोप, ब्रिटन व जपानमध्ये किमती वाढविल्या. नोव्हेंबरमध्ये भारतातही तेच यंत्र ५४,९९० रुपयांचे झाले.