झाडापर्यंत कोण पोहोचणार?

नाताळच्या सुटीत मी चलथाणला मावशीकडे होतो. सुरतेजवळचा हा उसाचा मुलूख. रस्त्याच्या कडेला तोडणीवाल्यांची पाले पडलेली, कोणी डांगातले, कोणी आपल्या खानदेशातले. मी ओटीवर फ्रान्सच्या नवव्या लुईचे प्रकरण वाचत होतो. या राजाला पोपने १२९७ साली संत ठरवले, हे ऐकून काका हसले. "राजा आणि संत? अरे, आमच्या तुकोबांनी राजाचा नजराणासुद्धा परत पाठवला!"

काकांची शंका रास्त आहे. लुईची सर्वांना ठाऊक असलेली आठवण म्हणजे व्हँसेनच्या ओक वृक्षाखाली बसून तो गाऱ्हाणी ऐके. त्याचा सोबती ज्वँव्हील याने ती लिहून ठेवली. मला या चित्राचे फारसे कौतुक नाही. त्या झाडापर्यंत पोहोचणार तो पॅरिसच्या आसपासचा. दूरच्या शेतकऱ्याने काय करावे?

मला मोठी वाटते ती १२४७ सालची गोष्ट. धर्मयुद्धाला निघण्यापूर्वी लुईने मुलखोमुलखी चौकशीदार धाडले. त्यांत बरेच भिक्षू होते. राजाच्या अंमलदारांनी राजाच्याच नावाने कोणाला लुबाडले, ते ऐकायचे आणि भरपाई करायची, हे त्यांचे काम. पुढे १२५४ च्या हुकुमाने अंमलदारांना भेटी घेण्यास व आपल्या अमलातील जमीन खरेदी करण्यास मनाई झाली. पद सुटल्यावरही काही दिवस तेथेच राहून तक्रारींना उत्तर देणे भाग पडले. म्हणजे येथे गाऱ्हाणे राजाकडे जात नाही, राजाच गाऱ्हाण्याकडे जातो. संतपण असेल तर ते येथे आहे. काट्यांचा मुकुट विकत घेऊन त्यासाठी बांधलेल्या त्या देखण्या प्रार्थनामंदिरात नाही.

पण याच लुईच्या पॅरिसमध्ये ज्यूंच्या तालमूद ग्रंथाच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या. १२६९ साली ज्यूंनी कपड्यावर वेगळी खूण लावावी, असा हुकूमही त्याचाच. काळच तसा होता, असे म्हणतात. मला हे उत्तर पुरत नाही. अंमलदारांचे खाणेही त्या काळाला धरूनच होते, आणि तेथे मात्र राजा काळाच्या आड आला.

हे सगळे काकांना सांगितले. ते समोरच्या पालांकडे पाहत होते. तेथे कोणी चूल पेटवत होते, कोणी कोयत्याला धार लावत होते.

"यांच्या उचलीचा हिशोब चुकला तर हे कोणाला सांगतात?" मी विचारले.

"मुकादमाला."

"आणि मुकादमच चुकला तर?"

काका उठून आत गेले.