दोष कोणाचा?

दरसाल दिवाळी अंकातल्या या पानावर माझी फराळाची कुरकुर असते. चकल्या मऊ पडल्या, अनारसे फसले, आणि जाता जाता सूनबाईचे थोडे कौतुक. यंदाही सूनबाईविषयीच लिहायचे आहे. पण लिहिताना मान माझीच खाली जाणार आहे.

माझा नातू आता चार वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर वळून पाहत नसे, बोलत नसे, आणि मिक्सर लावला की कानांवर हात ठेवून किंचाळे. "त्याचा बापही उशिराच बोलला," असे म्हणून मी विषय मिटवी. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. अखेर गेल्या वर्षी पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन वेळा तपासून सांगितले, ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता.

तो शब्द घरात आला आणि दोन दिवस घर गप्प झाले. तिसऱ्या दिवशी माझी जीभ सुटली. "पोराला पाळणाघरात ठेवायचे, हातात मोबाइल द्यायचा, मग दुसरे काय होणार?" सूनबाई पोळ्या लाटत राहिली. मुलगाही काही बोलला नाही. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचे ते न बोलणेच तिला अधिक लागले असावे.

पुढे एका रात्री ओटा आवरता आवरता तिने मला वाचून दाखवले. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतर आईच थंड काळजाची, म्हणून मूल असे होते, हे मत तिकडे चांगलेच बोकाळले. अशा आयांना चक्क फ्रीजची उपमा दिली गेली! बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली पुस्तक लिहून ते खोडून काढले. ते स्वतः अशाच मुलाचे वडील होते. तरी १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी पुन्हा आईबापांकडेच बोट दाखवणारा ग्रंथ लिहिला. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली विद्या थेट ग्रंथांतली होती म्हणायची!

आज शास्त्र सांगते की या मुलांच्या मेंदूची घडणच निराळी असते आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा. अनुवंश म्हटल्यावर मला माझे धाकटे दीर आठवले. रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ, पण घरच्या लग्नातसुद्धा मांडवाबाहेर एकटे बसायचे. 'विक्षिप्त' म्हणून आम्ही मोकळे झालो होतो.

सूनबाईने नोकरी अर्धवेळ केली. स्पीच थेरपी एका टोकाला, ऑक्युपेशनल थेरपी दुसऱ्या. मुलाला पुढे उभे करून तिची स्कूटर गावभर फिरते. बालवर्गाच्या बाईंनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून परत पाठवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचे नाव आहे. मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असेही त्यात आहे. पण तो कायदा घेऊन दारोदार भांडायला बाईला उसंत हवी ना!

गेल्या दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला आणि नातू न्हाणीघरात जाऊन बसला, तो दुपारपर्यंत बाहेर येईना. भाऊबीजेला आम्ही कोठे गेलो नाही; "मुलाला ताप आहे" अशी थाप मीच फोनवर मारली. यंदा सोसायटीतल्या पोरांना बोलावून म्हटले, "बाळांनो, आमच्या खिडकीखाली नका रे वाजवू, मागच्या मैदानात जा." "का हो आजी?" त्यांनी विचारले. मी तो शब्द प्रथमच चारचौघांत उच्चारला. एकाने लगेच विचारले, "मग त्याला फुलबाजी आवडते का?" मला उत्तर देता आले नाही, सूनबाईला विचारावे लागले. आवडते म्हणे, लांबून.

सूनबाईची मी क्षमा मागितलेली नाही. हे पान छापून आले की तिच्यापुढे ठेवीन म्हणते.

काल चकल्यांचा शेवटचा घाणा निघाला. नातवाला सोऱ्याचा दांडा फिरताना पाहायला फार आवडते. त्याने माझे मनगट धरले आणि हात नेऊन सोऱ्यावर ठेवला. मी म्हटले, "अरे, भाजणी संपली." तो हात सोडीना. "आई, वरच्या डब्यात वाटीभर आहे," सूनबाई म्हणाली, आणि तिने पाणी उकळायला ठेवले.