नाव गिंप, काम चोख

मंडळी, आज विषय जरा संगणकातला आहे, पण निम्म्यात सोडून जाऊ नका.

ह्या पानावर आपल्या घराण्याचे जे जुने फोटो तुम्ही पाहिलेत, आत्याबाईंचा नऊवारीतला धरून, ते सगळे मी 'गिंप' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ केले. फुकट मिळतं, आणि मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची आतली रचना कुणालाही बघता येते, बदलता येते. सत्तरी उलटल्यावर मी ते शिकले, ह्यावरून काय ते समजा. तेव्हा त्याच्याशी माझं काही वैर नाही. पण त्याचं नाव बदलायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या कानाला 'गिंप' म्हणजे काहीच नाही. इंग्रजीत मात्र लंगडत चालणाऱ्या माणसाला हिणवायचा तो शब्द आहे. (कापडाच्या किनारीला लावायच्या एका वेणीदार फितीलाही गिंपच म्हणतात, पण फितीवरून कोणी कोणाला चिडवत नाही.) माझी भाची इंग्लंडात शाळेत शिकवते. ती म्हणाली, "मावशी, हे नाव फळ्यावर लिहायचं म्हणजे मागच्या बाकावरच्यांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं."

मग हे नाव आलं कुठून? १९९५ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं. 'इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्रॅम'ची आद्याक्षरं जोडली तर 'इंप' होतं, ते त्यांना रुचेना. तेव्हा 'पल्प फिक्शन' सिनेमा गाजत होता, त्यात ह्या नावाचं एक पात्र आहे. (नातवंडांबरोबर बघायचा सिनेमा नव्हे.) त्यावरून शब्द सुचला आणि मग पुढचा 'जी' कशाचा ते ठरलं. आधी 'जनरल'चा, नंतर 'ग्नू'चा. म्हणजे 'ही तर नुसती आद्याक्षरं आहेत' हे म्हणणं फारसं टिकत नाही. शब्द आधी आला, अक्षरं मागून जुळवली. कॉलेजातल्या पोरांची गंमत होती ती, दुष्टावा नव्हता, हे मान्य. पण त्या गमतीला आता तीस वर्षं झाली.

कर्त्यांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, वीसहून जास्त वर्षं हे नाव जगाला माहीत आहे. भाषा अशी निर्जंतुक करत गेलं तर शेवटी तोटाच होईल. नावडत असेल तर पूर्ण लांबलचक नाव वापरा, नाहीतर वेगळ्या नावाने तुमची आवृत्ती काढा.

मी भाषेची शिक्षिका, निर्जंतुक भाषेचा मलाही तिटकारा आहे. आपल्या म्हणींमधले लंगडे, आंधळे, बहिरे सगळे हाकलून द्यायचे ठरलं तर मी आडवी येईन. पण म्हण वेगळी आणि दारावरची पाटी वेगळी. म्हण वापरायची की नाही हे माझ्या हातात असतं. पाटीवरचं नाव टाळता येत नाही. ज्याला हे सॉफ्टवेअर वापरायचंय त्याला ते उच्चारावंच लागतं, काठी टेकत चालणाऱ्यालासुद्धा.

माझ्या वर्गात पोलिओ झालेला एक मुलगा होता. इतिहासाच्या पुस्तकातून उचलून मुलं त्याला 'तैमूरलंग' म्हणायची. मुलांना दटावलं तर म्हणायची, "बाई, आम्ही प्रेमाने म्हणतो." त्याला विचारलं तर तो म्हणे, "चालतंय बाई, सवय झालीय." दोन्ही खरं असेल. पण एकदा बदलीवर आलेल्या शिक्षकांनी हजेरी घेताना त्याला त्याच नावाने पुकारलं, तेव्हा तो 'हजर' म्हणाला नाही. नुसता बसून राहिला. आपल्याला काय खटकलं हे त्याला धड सांगता आलं नसतं, पण वर्गाला कळलं.

असो. 'वेगळ्या नावाने काढा', हेही लोकांनी करून पाहिलं. २०१९ मध्ये काही जणांनी 'ग्लिम्प्स' नावाने गिंपचीच आवृत्ती काढली. नाव छानच होतं. पण राबणारे हात जुन्या घरीच राहिले, आणि २०२१ मध्ये माणसांअभावी ते काम थांबलं. 'बघा, नाव बदलून चालत नाही' असा अर्थ ह्यातून काढणाऱ्यांना मी दुसरी उदाहरणं देते. फायरफॉक्स आधी फिनिक्स होता, २००३ मध्ये फायरबर्ड झाला, २००४ मध्ये फायरफॉक्स. २००६ मध्ये ईथरियलचं वायरशार्क झालं, कारण मूळ कर्त्याने नोकरी बदलली आणि नावाचा हक्क जुन्या कंपनीकडे राहिला. २०१० मध्ये ओपनऑफिसमधली बरीच मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. हा लेख मी त्यातच टंकते आहे. तिन्हीकडे करणारेच नवं नाव घेऊन निघाले, वापरणारे मागोमाग गेले. आमच्या पिढीच्या बायकांची तर लग्नात तांदळाच्या ताटात नावं बदलली, तरी माहेरची पत्रं बरोबर पोचायची!

आता माझ्याच विरुद्धचा मुद्दा. पाटी बदलली की काम झालं, असं समजायची आपल्याकडे खोड आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' शब्द सुचवला, पुढे तो सरकारी झाला. आपल्या राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. अपंगांच्या चळवळीतले कित्येक जण तेव्हा म्हणाले होते की आमच्यात दिव्य वगैरे काही नाही, आधी चढउताराची सोय करा. मला ते पटतं. आमच्या जवळच्या एका कचेरीत पाटीवर दिव्यांग आहे आणि पाटीपर्यंत पोचायला अकरा पायऱ्या. पण गिंपच्या बाबतीत कुणी कुणाला देवत्व द्या म्हणत नाही. एक हिणवणारा शब्द काढून घ्या, एवढंच मागणं आहे, आणि ते करायला ना सिमेंट लागतं ना मंजुरी.

मार्च २०२५ मध्ये गिंपची ३.० आवृत्ती आली. त्याआधीची मोठी, २.१०, ती २०१८ ची. सात वर्षं लोकांनी वाट पाहिली. काम फर्मास झालंय, आता बरेचसे परिणाम मूळ चित्राला धक्का न लावता चढवता-उतरवता येतात. पुस्तकं, शिकवण्या नव्याने लिहाव्या लागणारच होत्या, त्यात नावही सहज खपून गेलं असतं. ती संधी हुकली.

सध्या भाचीने कर्त्यांनीच सुचवलेली वाट धरली आहे. वर्गात ती पूर्ण नाव लिहिते, फळ्याची अख्खी ओळ जाते. मुलांनी पहिल्याच दिवशी आद्याक्षरं जोडून वाचली.