मेहर ७८६ रुपयांचा, नंबर ५० हजारांचा

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, म्हणजे एमएच २८ मध्ये, गाडीला ०७८६ नंबर हवा असेल तर भाव ठरलेला आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला राज्य सरकारने पसंतीच्या क्रमांकांचे शुल्क वाढवले. दुचाकीसाठी ०७८६ ची फी २० हजारांवरून ५० हजार झाली, चारचाकीसाठी दीड लाखावरून अडीच लाख. ०००९, ००९९, ०९९९ आणि ९९९९ यांचाही तोच दर. सरकारच्या तक्त्यात बिस्मिल्लाह आणि चार नऊ एकाच रांगेत, एकाच भावात उभे आहेत. एका नंबरावर दोघांनी हात ठेवला तर लिलाव. बंद पाकिटात जो जास्त रकमेचा डीडी टाकेल त्याला नंबर.

स्वतःच्या कमाईतून कोणी हौस केली तर माझं काही म्हणणं नाही. दुबईत २०२३ साली ‘पी ७’ ही पाटी साडेपाच कोटी दिरहमला गेली, तीही अन्नदानाच्या लिलावात. हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतातच. माझं बोलणं आहे ते भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या नंबराबद्दल. जानेफळ, मेहकर, डोणगाव या आपल्या पट्ट्यात लग्नात जावयाला मोटारसायकल देणं नवीन नाही. आता तिच्यासोबत नंबरही निघतो. “आम्हाला काही नको, फक्त गाडीचा नंबर तेवढा बरकतीचा असू द्या,” असं हसत हसत म्हटलं जातं. ‘काही नको’ म्हणणाऱ्याची यादी सगळ्यात महाग असते, हे मुलीच्या बापाला विचारा.

५० हजार म्हणजे किती? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या भावानेसुद्धा दहा क्विंटलांहून जास्त सोयाबीन विकावं लागतं, आणि हमीभाव किती जणांच्या पदरात पडला हे आपल्या बाजारात बसणाऱ्यांना ठाऊक आहे. कोरडवाहू दीड-दोन एकरांचं पीक चार आकड्यांवर गेलं. आकडे गाडीत पेट्रोल भरत नाहीत.

आता बरकतीचं. ७८६ हा आकडा अबजद हिशेबातून येतो. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे: अलिफ १, बे २, मीम ४०, सीन ६०. बिस्मिल्लाहच्या चार शब्दांची बेरीज करा: १०२, ६६, ३२९ आणि २८९. झाले ७८६. उर्दू-फारसीत याच हिशेबाने शायर मंडळी जन्म-मृत्यूची सालं ओळींत गुंफायची. फार सुंदर कसरत आहे ती, वर्गात फळ्यावर करून दाखवली की मुलं आपापल्या नावांची बेरीज करत बसतात. पण बेरीज ती बेरीज. दुसऱ्या कितीतरी शब्दांची बेरीजही ७८६ येऊ शकते. चिठ्ठीचा कागद पायदळी पडेल या अदबीपोटी शब्दांऐवजी आकडा लिहिण्याची रीत पडली, असं जुनी माणसं सांगतात. अदबीसाठी आलेला आकडा आपण पावसाळ्यात चिखल उडणाऱ्या मागच्या मडगार्डवर लावतो, आणि वर ५० हजार मोजतो. ही रीत मुख्यतः आपल्या उपखंडातली आहे, आणि बरेच उलेमा हा आकडा बिस्मिल्लाहच्या जागी मानतच नाहीत. गाडीवर बसताना तोंडाने बिस्मिल्लाह म्हणायला फी नाही.

२०२४ च्या त्याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट आहे. असा नंबर आता नवरा-बायको, मुलगा आणि मुलगी यांच्या नावावर करता येतो. कायद्याने मुलीचं नाव लिहिलंय. पण लग्नात दिलेल्या गाडीच्या आरसीवर नाव कोणाचं असतं? बापाचे पैसे, मुलीचं लग्न, आणि कागद जावयाचा. पुढे बिनसलं तर गाडीही गेली नि नंबरही गेला.

आणि त्याच मांडवात मेहर ठरतो. काही घरांत तोही ‘बरकतीचा’ ठरवतात, ७८६ रुपये. मेहर हा मुलीचा हक्क, नवऱ्याने द्यायचा. हनफी फिकहमध्ये त्याची किमान मर्यादा १० दिरहम आहे, म्हणजे साधारण ३०.६ ग्रॅम चांदी. चांदी ग्रॅमला नुसती ९० रुपये धरली तरी ते २,७५४ रुपये होतात. तेव्हा ७८६ रुपयांचा मेहर त्या किमान मर्यादेच्या एक तृतीयांशही भरत नाही. हाच आकडा मुलीला द्यायचा असतो तेव्हा त्याची किंमत ७८६ रुपये, आणि मुलीच्या बापाकडून घ्यायचा असतो तेव्हा ५० हजार. पुढच्या निकाहात वकील आणि गवाह मेहरची रक्कम विचारायला बसतील, तेव्हा चांदीचा त्या दिवसाचा भाव मोबाइलवर बघून घ्यावा. दोन मिनिटं लागतात.